वाढलेल्या ताटावरून

टेस्ट-ट्यूब बेबीच्या दवाखान्यात एक शिवणवाली मासिकात तोंड खुपसून बसली होती. कान मात्र शेजारच्या नवरा-बायकोकडे होते.

"माझ्यामुळेच झालं. मंगळवारी मी पथ्य मोडून चोरून चहात साखर घातली."

"अगं, गर्भ इथे लॅबमधल्या बशीत. तुझी साखर काय बस पकडून आली?"

"मग वाढला का नाही?"

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या ना, पहिले तीन दिवस गर्भ साखरेकडे बघतही नाही. चौथ्या दिवशी ती आत घ्यायला त्याला पेशींची दारं उघडावी लागतात. आपल्या गर्भाने ती उघडलीच नाहीत."

"बशीत साखर होती ना पण?"

"भरपूर."

"म्हणजे वाढलेल्या ताटावरून उपाशी गेला."

"माझ्या आजोबांवर गेला. तेही असेच रुसायचे."

"हसवू नकोस रे."

"चहा आणू?"

"आण."

"खरं सांगू? पाच दिवस मीही बिनसाखरेचाच पितोय."

"वेडाच आहेस. आता घाल की साखर."

"आजच्या दिवस नको."