मधुमालतीची फांदी

औंढ्याच्या बसस्टँडवर गाडीची वाट पाहत बसलेल्या कोमलच्या मागच्या बाकावर एक म्हातारा-म्हातारी बसली होती. म्हातारीचा आवाज साऱ्या स्टँडला पुरत होता.

“सुनेनं माहेरची फांदी आणून मांडवावर चढवलेली मधुमालती तुमी बुडापासून काहून तोडली?”

“वेलात साप बसतो म्हणून.”

“तीन वर्षांत एकतरी दिसला का?”

“अगं, सून तर काहीच बोलली न्हाई.”

“तीन दिवस झाले, पोरगी धड जेवली न्हाई! आता साखऱ्याला जायचं, विहीणबाईला दुसरी फांदी मागायची.”

“काय सांगून मागू?”

“‘मीच तोडली’ म्हणून सांगा.”

“तूच बोल की तिथं.”

साखऱ्याची गाडी लागली. म्हातारा चढला. म्हातारी खालीच उभी राहिली.

“अगं, चल ना!”

“कुऱ्हाड उचलली तवा मला संगं घेतलं व्हतं का? जा एकटेच.”