मंत्र्यांनी ऐकायचं नाही

आंसेल्म : ते वाक्य पुरं करू नकोस, सोलेन.

सोलेन : अहो बाबा, मी अजून काही बोललेच नाही!

आंसेल्म : ‘यंत्रमाग’ म्हणालीस. उद्योगमंत्री झालो तेव्हाच सही केलीये मी. आपल्या कारखान्याबद्दल अवाक्षर ऐकणार नाही म्हणून.

सोलेन : सख्ख्या लेकीकडूनही?

आंसेल्म : लेकीकडून तर मुळीच नाही. आता चालवतेस ना तूच.

ओदील : (सचिव, दारातून) साहेब, त्या बंद पडलेल्या बूट-कारखान्याचे कामगार आलेत.

आंसेल्म : बसवा त्यांना, ओदील. कॉफी द्या.

सोलेन : बघा! त्यांना कॉफी, दिलासा, वर सरकारी मदत. आणि व्होजच्या डोंगरातले आपले विणकर?

आंसेल्म : सोलेन...

सोलेन : कारखान्याच्या रस्त्यावरचे खड्डे बुजेनात म्हणून नगराध्यक्ष झालात. नगराध्यक्षाला पॅरिसात कुणी हिंग लावून विचारेना म्हणून खासदार झालात. खासदाराचं मंत्री ऐकेनात, म्हणून मंत्री. आता मंत्र्यांचेच कानांवर हात!

आंसेल्म : कायदा आहे, बाळा. आणि चांगला आहे. मीच त्याला मत दिलंय.

सोलेन : इस्पितळं आपल्या चादरी घ्यायला घाबरतात. ‘मंत्र्याच्या पोरीकडून घेतल्या’ असं पेपरात येईल म्हणून.

आंसेल्म : बास! हे मी ऐकलं नाही.

सोलेन : मग राजीनामा द्या.

आंसेल्म : दिला होता. पंतप्रधानांनी परत केला. म्हणाले, आत्ता गेलात तर लोक म्हणतील, काहीतरी पाणी मुरतंय. मग तर तुमच्या चादरींना कुणी हातही लावणार नाही.

सोलेन : म्हणजे राहिलात तरी बुडालो, गेलात तरी बुडालो.

आंसेल्म : तुला काय वाटतं, मी इथं मजेत आहे? खालून गाडी गेली तरी मागांची खडखड ऐकू येते मला.

सोलेन : ती खडखड काल थांबली, बाबा.



आंसेल्म : हे... हे तू मला सांगायला नको होतंस.

सोलेन : संध्याकाळी बातम्यांत येणारच आहे. त्याआधी घरच्या माणसानं सांगावं, एवढ्यासाठी आले. विणकर विचारत होते, साहेबांना ठाऊक आहे का?

आंसेल्म : काय सांगितलंस?

सोलेन : नाही म्हटलं. तुम्ही अडचणीत यायला नको.

ओदील : साहेब, ती मंडळी ताटकळलीत.

आंसेल्म : आलोच. सोलेन, कारखान्याचं राहू दे. तू कशी आहेस, एवढं सांग.

सोलेन : तेही ऐकायची तुम्हाला परवानगी नाही, बाबा.