बिनकाट्याची वाट

"हॅलो?… हॅलो, बारामती पाटकचेरी… कोण? संभा?"

सरूने कडेवरची बाळी दुसऱ्या कडेला घेतली आणि नळी कानाशी घट्ट धरली. भिंतीवरच्या त्या लाकडी पेटीला घरातल्या बायकांनी हात लावायचा नाही, असा दंडक होता. तो फोन पाण्याच्या कामाचा. पण तिचा नवरा, पाटाचा कारकून, पाणी सोडायच्या वरच्या दरवाज्याकडे गेला होता, घंटी थांबत नव्हती, आणि सायकलवर विजापूर बघायला गेलेला धाकटा भाऊ काल यायचा तो अजून आला नव्हता.

"अरे, किती वाट बघायची… हो, हो, ऐकतीय. तू आधी सांग, हायस कुठं?… शेळगावच्या चौकीत? पाटकरी सिद्धूतात्यांच्या? मग इंदापूर मागं पडलं म्हणायचं. जेवलास का?… सायकलीचं मग सांग, पोटाचं आधी… बरं, सांग बाबा."

ती ऐकत राहिली.

"कितीदा?… बाभळीचा काटा तो, तुझ्या विलायती रबराला कशाला भितोय… ठिगळावर ठिगळ? मग ती ट्यूब हाय का गोधडी?… आणि तुझ्या दोस्ताची, भिमाची?… उभी चिरली? मग चाकात काय घातलं?… लोकर?"

दोन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?… माळावरच्या धनगराच्या. बिरदेव? बरा भेटला रे. टायरात लोकर कोंबून… आणि चालली?… चालली म्हणजे मेंढरांचं पुण्य. हो, ट्यूबा धाडते, हे आले की सांगते. थांब गं… तुला न्हाय, बाळीला. तुझी भाची वायर खातीय… भिमाला दे की जरा. त्याच्या आईचा निरोप हाय… मागं ऱ्हायलाय? एकटा? त्या काट्यांतनं ढकलत?… काटे न्हाईत? आपल्याकडं कुठली रे अशी वाट, बिनकाट्याची?"

पलीकडून उत्तर आले. सरूचे हसू ओठांवर तसेच राहिले.

"पाटातनं?… म्हणजे पाटाच्या कडेनं ना?… आत? तळातनं?"

पाण्याची मागची पाळी संपल्यापासून पाट कोरडा होता. तळाशी मऊ गाळ, ना काटा ना दगड. ही वाट बिरदेवाने मायेनेच सांगितली असणार. पाणी सुटणार म्हणून गावोगाव दवंडी फिरली होती, पण मेंढरांमागे माळ तुडवणाऱ्याच्या कानावर ती कशी जाणार? आणि आज पहाटे सरूने दारातून स्वतः पाहिले होते. पाचोळा, काटक्या, फेस पुढे ढकलत पाणी खाली गेले होते. पिंपळी गाव त्याने केव्हाच मागे टाकले असणार.

"संभा, माझं नीट ऐक. पाणी सोडलंय… आजच. पहाटे… अरे, दिसत न्हाय, कारण अजून यायचंय. आधी तुझ्याकडं येईल, मग त्याच्याकडं. तात्या कुठं हायत?… शेतांकडल्या चाऱ्यांची दारं बघायला? हाक मार… भिमा नेमका कुठाय ते सांग… खोदाईत? अरे, तिथं दोन्ही अंगांनी उभा मुरूम हाय, चढायला जागा न्हाय. त्याला पोहता येतं का?"

तिने डोळे मिटले.

"बरं. न्हाय तर न्हाय. तू सायकल घे… हवा न्हाय, मग? तशीच पळव. रिमवर… वाकडी होऊ दे. मोडू दे. पंप खाली ठेव, संभा. पंप ठेव म्हणते ना. चौकीत दोर असंल, खुंटीला, तो घे. कडेकडेनं जा. तू आत उतरू नको, ऐकलंस का, तू आत… संभा? हॅलो?"

नळी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. मग दगडांवरून लोखंडी चाकाचा खडखडाट, लांब लांब जाणारा. तो संपला तरी सरू कान लावून उभी होती. बाळी कुरकुरली, रडली, थोपटता थोपटता खांद्यावर पेंगली. तेवढ्यात नळीतून सळसळ आली, कुणी खराट्याने अंगण झाडावे तशी. दर पाळीला सरू ती दारातून ऐकायची. वाळका पाचोळा हलला होता. पाणी चौकीशी आले होते. आता ते पोरांच्या मागे होते. बऱ्याच वेळाने नळीत पावले वाजली.

"हॅलो?… कोण हाय का तिथं?… कोण, तात्या? मी सरू. व्हय, पाणी पोचलं, ऐकलं मी. तात्या, पोरं… तुमी बाहेर बघा की जरा. खोदाईच्या अंगाला… दिसतंय का कुणी?… एक? नीट बघा, तात्या… सायकल खांद्यावर? चाकाचा पापड? मग तो आमचा संभा. त्याच्या मागं बघा… त्याच्या मागं कोण हाय?"

"दोघं," सरू म्हणाली. तात्यांचाच शब्द होता, पण स्वतःच्या तोंडून ऐकल्याशिवाय तिला तो खरा वाटेना. पोरे चौकीत येईपर्यंत ती भिंतीला टेकून राहिली.

"संभा… दोरानं वर घेतलास? कळलं, कळलं, नंतर सांग. भिमाला दे… भिमा, बोल काय तरी. कायबी… सायकल गेली? जाऊ दे. लोकर भिजून जड झाली असंल, लांब न्हाय जायची. अडकंल कुठल्या तरी दाराला… तुझ्या आईचा निरोप? वेळेवर जेव म्हणाली… मी? मी न्हाय रडत. बाळी रडतीय."

बाळी गाढ झोपली होती.

तारेत खरखर झाली आणि तिसराच आवाज मध्ये आला. सरूने पदर सारखा केला.

"कोण?… ओव्हरसरसाहेब? व्हय, बारामती कचेरीच… हे वरच्या दरवाज्याकडं गेल्यात. मी त्यांच्या घरातली… व्हय साहेब, ठाऊक हाय, हात लावायचा न्हाय. पाण्याचंच बोलत होते… पोचलं. शेळगावला पोचलं… न्हाय, साहेब. पाटात आता कुणी न्हाय."

आणि बाळी जागी होऊ नये म्हणून तिने नळी हळूच आकड्याला लावली.