बारा वर्षांनंतरचे वडील

(कुरुंदा. पडवीत पंचफुलाबाई हळकुंडं निवडून राहिल्यात. समोर त्यांची दहावीतली लेक राजनंदिनी आणि वसमतच्या कॉलेजात जाणारा पुतण्या प्रज्ञेश.)

प्रज्ञेश : म्हणजे उत्तर काय आलं म्हणतेस?

राजनंदिनी : मुलगी चोवीस, वडील बहात्तर.

प्रज्ञेश : गणित वाच परत.

राजनंदिनी : "आज वडिलांचे वय मुलीच्या वयाच्या तिप्पट आहे. बारा वर्षांनंतर ते मुलीच्या वयाच्या दुप्पट होईल. तर दोघांची आजची वये काढा."

प्रज्ञेश : ताळा करू. बारा वर्षांनी मुलगी किती?

राजनंदिनी : छत्तीस.

प्रज्ञेश : वडील?

राजनंदिनी : बहात्तर.

प्रज्ञेश : आज किती होते?

राजनंदिनी : बहात्तर.

प्रज्ञेश : काय खातो हा माणूस? आपल्या कुरुंद्याची हळद?

पंचफुला : मस्करी काहून करून राहिला रे? उद्या सर फळ्यासमोर उभं करणार हायेत तिला. मागल्या टायमाला याच गणिताला रडत घरी आली. आता शाळाच नको म्हणून राहिली.

प्रज्ञेश : मस्करी न्हाई काकू, त्या माणसाची चौकशी करून राहिलो. नंदे, पहिल्यापासून चल. मुलीचं वय?

राजनंदिनी : एक्स मानू. वडील तीन एक्स.

प्रज्ञेश : बारा वर्षांनी?

राजनंदिनी : मुलगी एक्स अधिक बारा. वडील तीन एक्स.

प्रज्ञेश : हां, इथं अडकलं. मुलीला बारा दिले, बापाला काहून न्हाई? कॅलेंडर दोघांचं एकच असतं ना?

राजनंदिनी : नसतं.

प्रज्ञेश : बरं. तुझ्याकडं दोन हायेत?

राजनंदिनी : पप्पा गेले तेव्हा चाळीसचे होते. मी तेराची. आता मी पंधराची. पप्पा किती?

प्रज्ञेश : नंदे, ते वेगळं.

राजनंदिनी : सांग ना. कॉलेजात जातोस.

प्रज्ञेश : चाळीस.

राजनंदिनी : मग?

प्रज्ञेश : अगं, पण पुस्तकातला बाप जिवंत आहे.

राजनंदिनी : कुठं लिहिलंय?

प्रज्ञेश : लिहिलं न्हाई. पण गणितात मरायची सोयच नसते. ती माणसं गळकी टाकी भरत बसतात, समोरासमोरून सायकली हाणतात, कोणाला साधी सर्दी होत न्हाई.

राजनंदिनी : मी सरांना विचारलं होतं, बारा वर्षांनी वडील नक्की असतील का? सगळा वर्ग हसला. सरांना वाटलं मी टिंगल करून राहिले.

पंचफुला : हे मला बोलली न्हाईस.

राजनंदिनी : तू रडली असतीस.

पंचफुला : मी काय रडते? मी पण हाच हिशेब करून राहिले, पुस्तकाबिगर. मला अडतीस पुरं झालं. दोन वर्षांनी त्यायच्या बराबर. मंग पुढं मी मोठी अन् ते ल्हान. फोटोला 'अहो' म्हणावं का 'अरे', समजंना झालं.

प्रज्ञेश : काकू, याचं समीकरण मला येत न्हाई.

पंचफुला : तुला कोणी विचारलं? तू तिचं बघ.

राजनंदिनी : माय, मी बारा लिहायला गेले ना, की हात थांबतो. खोटं लिहून राहिले असं वाटतं.

पंचफुला : पुस्तकात तुझे पप्पा हायेत का?

राजनंदिनी : न्हाईत.

पंचफुला : मंग त्या पोरीच्या बापाला काहून अडवून धरलंस? तिनं काय केलं तुझं? दे त्याला बारा वर्षं. कोणाचा तरी होऊ दे म्हातारा.

प्रज्ञेश : लिही, नंदे. तीन एक्स...

राजनंदिनी : अधिक बारा.

प्रज्ञेश : बराबर?

राजनंदिनी : दोन, कंसात एक्स अधिक बारा. कंस सोडवला, दोन एक्स अधिक चोवीस.

प्रज्ञेश : दोन एक्स इकडं आण, बारा तिकडं ने. चिन्हं बदल.

राजनंदिनी : एक्स बराबर बारा. मुलगी बारा, वडील छत्तीस.

प्रज्ञेश : ताळा.

राजनंदिनी : बारा वर्षांनी मुलगी चोवीस. वडील... अठ्ठेचाळीस. दुप्पट. जुळलं.

प्रज्ञेश : अन् उद्या फळ्यावर हात थांबला तर?

राजनंदिनी : थांबंल थोडा. मग लिहीन.

पंचफुला : अठ्ठेचाळीस. म्हणजे कानाजवळचे केस पिकले असतील त्याचे.