मशीन आलं का दुरुस्तीहून?

पाच तारे! अहो पाचच्या पाच! चार नाही, साडेचार नाही, पाच तारे दिलेत त्या माणसाला आमच्या घरातून, आणि वर शेरा, 'शाब्बास! असेच काम करत राहा!' ...आता मला सांगा, ज्याने भर दुपारी, आपल्याच घरात, आपल्याच कात्रीने खोकं उघडायला लावून आपल्याला लुटलं, त्याला आपणच शाब्बास म्हटल्यावर तक्रार कुठल्या तोंडाने करायची? नाही, चूक माझी आहे. म्हणजे अर्धी माझी. अर्धी बायकोची. थांबा, नीट सांगतो, तुम्हीही कधीतरी ऑनलाइन लिलावात काहीतरी घ्याल, तुमच्या उपयोगी पडेल.

तर आमच्या आईचं शिलाई मशीन. काळंभोर, मानेवर सोनेरी वेलबुट्टी, डाव्या अंगाला रंगाचा टवका उडालेला, खाली हे एवढं लोखंडी पॅडल. त्या मशीनवर लोकांचे कपडे शिवून शिवून आईने आम्हा तिघा भावंडांच्या फिया भरल्या. आणि तीन वर्षांपूर्वी आम्ही घर बदललं, तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आई गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात, सामान उचलणारे म्हणाले, 'हे लोखंड आम्ही चढवणार नाही,' आणि नेमका त्याच वेळी खाली भंगारवाला ओरडत होता... दिलं! मीच दिलं हो! पंधरा दिवसांनी आई घरी आली, काठी टेकत टेकत सगळ्या खोल्या फिरली आणि म्हणाली, "मशीन कुठंय रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "दुरुस्तीला दिलंय."

बस्स, एवढंच बोललो! म्हटलं, दोन दिवसांत खरं काय ते सांगून टाकू. तुम्हाला सांगतो, तीन वर्षं झाली. रोज संध्याकाळी मी ऑफिसातून येतो, एक बूट पायात, एक हातात, तोच आतल्या खोलीतून आवाज: "आलं का रे मशीन दुरुस्तीहून?"

मग काय, जायचं, तिच्या पलंगावर टेकायचं आणि काहीतरी सांगायचं. आधी मेकॅनिक गावाला गेला. मग त्याचा हात मोडला. मग सुटा भाग मिळेना, मिळाला तो चुकीचा मिळाला. त्याच्या दुकानात मी पाणी शिरवलं, त्याच्या मुलीचं लग्न लावलं, जावयाशी भांडण लावलं, एकदा तर इतका वैतागलो की म्हटलं मारूनच टाकतो याला, पण आईचा चेहरा बघितला आणि अतिदक्षता विभागातून परत आणला. आई म्हणायची, "बिचारा! किती सोसतोय रे!" आणि दोन हिवाळ्यांपूर्वी तिने त्याच्यासाठी लोकरीची टोपी विणली! हिरवीगार, कान झाकणारी. "त्याला दे हो, दुकानात वारं लागत असेल." आता कुणाला देऊ? मीच घालतो! सकाळी जिन्यात घालतो, संध्याकाळी जिन्यात काढतो. चांगली ऊबदार आहे, खोटं कशाला बोलू.

हे असंच चाललं असतं हो आयुष्यभर. पण यंदा डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, आईची नजर आता कमी कमीच होत जाणार. त्या संध्याकाळी आईने विचारलं, "आलं का रे?" मी म्हटलं, "नाही गं." तर म्हणते, "असू दे. दिसतंय तोवर एकदा त्याच्यावर बसले असते, एवढंच." ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, तसंच्या तसं मशीन आणायचं.

आणि सापडलं! लिलावाच्या साइटवर! तीच मान, तीच वेलबुट्टी, डाव्या अंगाला चक्क टवकासुद्धा! मला तर वाटलं आपलंच परत आलं. विकणाऱ्याचं नाव काय? 'आजोळ ७७'! आता आजोळ नावाचा माणूस कधी फसवेल का?

"फसवेल," मेहुणा म्हणाला. हा माझा मेहुणा बँकेत तक्रार विभागात आहे. दिवसभर फसलेल्या माणसांचीच तोंडं बघतो, त्यामुळे त्याचा आता न फसलेल्यांवरही विश्वास राहिलेला नाही. मला समोर बसवून सुरू झाला, "दाजी, त्याला मिळालेले चांगले शेरे वाचू नका, वाईट वाचा. मनाशी एक आकडा ठरवा, त्याच्या वर जाऊ नका, कारण समोर बोली चढवणारा त्याचाच माणूस असू शकतो. पैसे साइटवरूनच द्या, ते साइटकडे अडकून राहतात. खोकं उघडताना अख्खा व्हिडिओ काढा. आणि दाजी, माझ्याकडे बघा, वस्तू नीट तपासल्याशिवाय 'मिळाली' हे बटण दाबायचं नाही. ते दाबलंत की पैसे त्याचे. बटण म्हणजे काय?" मी म्हटलं, "पैसे." "कोणाचे?" "त्याचे." पाठ करून घेतलं हो माझ्याकडून!

आणि मी सगळं केलं! वाईट शेरे वाचले. एकच होता: 'वाटलं तसं नाही.' म्हटलं, आयुष्यात काय वाटलं तसं असतं? विकणाऱ्याला प्रश्नही विचारले. चाक फिरतं का? 'फिरतं.' सुई वरखाली होते? 'होते.' आकडा ठरवून तळहातावर लिहिला. लिलाव संपणार दुपारी पावणेदोनला, मी ऑफिसात, डबा उघडा, फोन डब्याच्या झाकणावर, आणि कुणीतरी एक माणूस माझ्या प्रत्येक बोलीवर वर वर चढतोय, मी चढलो की तो चढतो, तो चढला की मी, शेवटचं मिनिट, आणि साहेब येऊन उभे! "ती कालची फाइल कुठंय?" मी म्हटलं, "अजून वाढवा!" साहेब म्हणाले, "काय?" तोवर मिळालं! मला मिळालं! तळहात बघितला तर घामाने आकडा पुसून गेलेला. त्याच्या किती वर गेलो ते घरी आजवर सांगितलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.

त्याच संध्याकाळी आजोळचा फोन. आवाज काय गोड! "दादा, साइटला मधे कशाला घेताय? थेट माझ्याकडे पाठवा ना, तुमच्यासाठी कमी करतो, घरच्यासारखं." तुम्हाला सांगतो, छाती फुगली माझी. म्हटलं, "माफ करा. पैसे साइटवरूनच मिळतील." आणि खाडकन फोन ठेवला! मेहुणा इतका खूश झाला, इतका खूश झाला की पहिल्यांदाच माझ्याशी हसून बोलला. आत गेलो तर आई, "आलं का रे मशीन?" आणि तीन वर्षांत पहिल्यांदा खरं बोललो, "येतंय गं आई. निघालंय तिथून."

खोकं आलं. मोठं! टीव्हीचं असावं एवढं. आता आणणाऱ्याने ते एका हाताने आणलं, तेही तीन जिने चढून, फोनवर बोलत बोलत. तिथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता की नाही? नाही पडला. घरातला टॅबलेट टुणकन वाजला, पडद्यावर साइटचा प्रश्न: 'वस्तू मिळाली का?'

आता मी काय काम करतो ते सांगितलंच नाही तुम्हाला. आवक-जावक विभाग. अठ्ठावीस वर्षं! कागद टेबलावर आला की मी शिक्का मारतो: 'मिळाले'. आत काय आहे ते मी बघतच नाही, ते बघणं पुढच्या टेबलाचं काम! 'मिळाले' म्हणजे फक्त मिळाले. माणूस शिंकतो ना, तसा माझा हात आपोआप जातो... दाबलं! अहो, दाबलं गेलं! मला कळलंसुद्धा नाही! टॅबलेट बायकोकडे दिला, फोन पुस्तकांच्या चळतीवर उभा केला, व्हिडिओ सुरू, आणि कात्री घेतली.

खोक्यात खोकं. त्यात कागदाचे बोळे. त्यात आणखी एक खोकं, त्याला फुग्याफुग्यांचा प्लास्टिक कागद, प्रत्येक कोपरा कसा दुमडून, चिकटपट्टी सरळ रेषेत. मी सोलतोय, सोलतोय, आणि बाजूला बायको, "अहो, कोपरे बघा. किती नेटकं!" आमची ही तिसरीच्या वर्गाला शिकवत होती, एकतीस वर्षं, मागच्या वर्षी मुदतीआधीच निवृत्त झाली. वह्या संपल्या पण हात शिवशिवतो अजून. टॅबलेटवर पाच रिकामे तारे आले, तिने भरून टाकले, शेरा लिहिला आणि खाली सवयीने 'वर्गशिक्षिका' अशी सहीही ठोकली!

"अगं, आत काय आहे ते तरी बघायचंस!"

"नीटनेटकेपणाचे दिले हो. रिकामे तारे बघवत नाहीत मला. हिरमोड होतो मुलांचा."

कुठली मुलं? तो आजोळ पन्नाशीचा असेल!

आणि शेवटच्या कागदातून निघालं काय, तर मशीन. तेच! काळं, वेलबुट्टी, टवका. माझ्या तळहातावर मावेल एवढं. शोभेचं! कपाटात ठेवायचं! चाक फिरत होतं. सुई वरखाली होत होती. एक शब्द खोटा नव्हता हो त्याचा! सगळं विचारलं मी, फक्त उंची विचारली नाही. शिलाई मशीनची उंची विचारतं का कोणी?

आजोळला लिहिलं तर उत्तर हजर: 'फोटोत होतं तेच पाठवलं आहे. मॅडमच्या प्रोत्साहनाबद्दल आभारी आहे.' मग साइटला व्हिडिओ पाठवून फोन. तिकडून एक पोरगी, आवाज अगदी थंड पाण्यासारखा. "आपण 'मिळाली' दाबलेलं दिसतंय, सर." मी म्हटलं, "बाई, मी आवक विभागात आहे..." "आणि पाच तारे दिलेत." "ते नीटनेटकेपणाचे!" "आपला व्हिडिओही पाहिला, सर. वीस मिनिटं आपला चेहरा आहे." कॅमेरा उलटा! पुढचा लागला होता! वीस मिनिटं माझ्या नाकपुड्या, आणि शेवटी तोंडाचा हा एवढा आ! पुराव्यात मशीन सोडून सगळं. म्हणे, "आपल्या भावना आम्ही समजू शकतो. या संभाषणाला किती तारे द्याल?" आणि मागून बायको, "द्या हो पाच, किती शांतपणे बोलली बिचारी." मेहुण्याला सांगितलं तर तो फक्त "दाजी..." म्हणाला. पुढे काही बोललाच नाही. अजून बोललेला नाही.

चार दिवस ते मशीन कपाटात शर्टांखाली. आणि रोज, एक बूट पायात, एक हातात, "आलं का रे? निघालं होतं ना तिथून?" चौथ्या दिवशी म्हटलं, आता पुरे. घेतलं, आत गेलो, तिच्या हातात ठेवलं. तिने डोळ्यांजवळ धरलं. चाक फिरवलं. सुई टिकटिक करत वरखाली झाली. मग म्हणाली, "दुरुस्तीत आटलं का रे?"

मला रडूच आलं हो. बावन्न वर्षांचा मी, आईच्या पलंगावर बसून रडतोय! सगळं सांगून टाकलं, भंगारवाला, खोटं, लिलाव, तारे, सगळं. म्हटलं, "आई, दुरुस्तीला कधी दिलंच नव्हतं गं."

"माहितीय."

"कधीपासून?"

"मेकॅनिकची टोपी आपल्या दोरीवर वाळत असते रे. माझ्याच खिडकीसमोर."

डोक्यावर हात मारला मी. म्हटलं, "अगं, मग रोज विचारतेस कशाला?" तर त्या इवल्याशा मशीनचं चाक फिरवत म्हणते, "मशीन घरात होतं तेव्हा तू माझ्या खोलीत कधी यायचास का? विचारते म्हणून रोज येऊन टेकतोस. मशीन आल्यावर येशील, याची काय खात्री?"

मेहुण्याने इतकं पढवलं, कुणापासून कसं जपायचं ते सगळं सांगितलं, पण हे कुठे सांगितलं होतं?

दुसऱ्या दिवशी घरी आलो. एक बूट पायात, एक हातात... आतून आवाज नाही. तसाच उभा राहिलो. तुम्हाला सांगतो, तीन वर्षं ज्या आवाजाची धास्ती घेतली, तो आज आलाच नाही. तसाच एका बुटाने आत गेलो. आई जागी होती. ते मशीन खिडकीत मांडलेलं. पलंगावर सरकून तिने मला जागा केली आणि म्हणाली, "मग? मेकॅनिक कसा आहे?"

बसलो. काय करणार! म्हटलं, "काय सांगू आई, फसला बिचारा. ऑनलाइन काहीतरी मागवलं, निघालं भलतंच. आणि त्याच्या बायकोने विकणाऱ्याला पाच तारे दिले."

"अरेरे," आई म्हणाली. "त्याचीही बायको मास्तरीणच का रे?"