परंड्याच्या टॉवरवरची नक्कल

परवा तर लाजेनं मेल्यावानी झालं बघा. मी अन् आमचे ड्रायव्हर शेखचाचा पवनचक्कीच्या दुरुस्तीला भूमहून परंड्याकडं निघालो होतो. वाटेत मी म्हणालो, "चाचा, भूमचा टॉवर मागं पडला. ही वॉकीटॉकी आता मुकी झाली." अन् बटण दाबून आमच्या तोतऱ्या साहेबांची नक्कल केली, "पो... पोचलात का?"

तिकडून साहेबच बोलले, "हु... हुबेहूब जमलंय. पण डिजिटल सेट हाय, आपोआप परंड्याच्या टॉवरला जोडला गेलाय. सगळ्या गाड्यांनी ऐकलं."

चाचांनी गाडी बाजूला घेतली. "आधी माफी माग."

बटण दाबलं, तर शरमेनं माझीच जीभ अडखळली. "मा... माफ करा, सा... साहेब."

लगेच दुसऱ्या गाडीतून कुणीतरी ओरडलं, "आरं, आता तरी बास कर की!"