बाबांनी बांधलेला गडगा

आमच्या बाबांना रिकामं बसवत नाही, त्याचाच हा किस्सा. मालवणहून ते परदेशात, गॉलवेला माझ्याकडे आले आणि दोन हजार वीसच्या लॉकडाऊनमध्ये अडकले. जुलैत बोटी सुरू झाल्यावर मी त्यांना जवळच्या एका बेटावर नेलं. तिथे प्रत्येक शेताला आपल्या कोकणासारखा गडगा. सिमेंट नाही, माती नाही, नुसते दगडावर दगड. एका ठिकाणी खिंडार दिसलं.

"गडगो कोसळलो रे! ढोरां भायर जातली!" म्हणत बाबा कामाला लागले. अर्ध्या तासात मुंगी शिरणार नाही अशी भिंत उभी केली.

तेवढ्यात एक म्हातारा शेतकरी गाय घेऊन आला आणि भिंतीसमोर थांबला. गायही थांबली. मग कळलं, तिथल्या शेतांना फाटकच नसतं. गाय आत घ्यायची तर भिंत पाडायची, नंतर परत रचायची. खिंडार त्यानेच पाडलं होतं.

मी सॉरी म्हणालो. त्याने भिंत हलवून पाहिली. हलेना.

"ग्रँड! ही पाडायला माझा हात धजणार नाही," म्हणत त्याने शेजारचा तुकडा पाडून गाय आत घेतली. "मी चहा ठेवतो. हे खिंडारही त्यांनाच बुजवू दे."

मी हे मराठीत सांगेपर्यंत बाबांचा तिसरा दगड बसला होता.